बरणीतली पाल

पालीची भीती वाटते असं सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "अगं, ती काय करणार आहे? तीच आपल्याला घाबरते." हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि ते खरं आहे हेही मला माहीत होतं. घरातली पाल विषारी नसते, माणसाच्या अंगावर चाल करून येत नाही, उलट डास, झुरळं, पाखरं खाते. हे सगळं मी दुसऱ्याला व्यवस्थित समजावून सांगितलं असतं. तरी बाथरूमच्या भिंतीवर ती दिसली की माझे हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची आणि मग कितीतरी वेळ त्या दाराकडे बघवायचं नाही.

माझं बालपण सांगलीतल्या एका जुन्या वाड्यात गेलं. लाकडी तुळया, आणि संध्याकाळी दिवा लागला की त्या तुळयांवर पाली. भीती नेमकी कधी बसली ते आठवत नाही. आजीच्या खांद्यावर एकदा पाल पडली, तेव्हा तिने डोक्यावरून अंघोळ केली आणि मग पंचांग काढून पल्लीपतनाचं फळ बघितलं, एवढं स्वच्छ आठवतं. प्राण्यांची भीती बहुतेकदा लहानपणीच धरते आणि प्रत्येकाला तिच्यामागचा एखादा प्रसंग सांगता येतोच असं नाही, हे मला फार पुढे कळलं. तोवर कारण सापडत नाही म्हणून हा स्वभावच, असं घरच्यांनी धरलं होतं आणि मीही.

लग्नानंतर पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला आले. फ्लॅटमध्ये पाली कमी असतात, पण मी त्या कमी पालींभोवती सगळं घर बांधून टाकलं. संध्याकाळी सहानंतर खिडक्या बंद. ट्यूबलाइटखाली बसायचं नाही. बाथरूमला जाण्याआधी दारावर दोनदा थापटायचं, मग हात आत घालून दिवा लावायचा, मग वाट बघायची. दोरीवरचा टॉवेल झटकल्याशिवाय घ्यायचा नाही. देवघरातल्या तसबिरी दुसऱ्याने पुसायच्या, कारण त्यांच्या मागे पाली बसतात. भिंतीवर मोरपिसं, कोपऱ्यात अंड्याची टरफलं, मोरीत डांबराच्या गोळ्या. घरच्यांनी हे सगळं मायेने सांभाळलं. नवरा रात्री उठून बाथरूम तपासून द्यायचा. सासूबाई एकदाही कुरकुरल्या नाहीत, त्या झाडू घेऊन पुढे व्हायच्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, आणि तरीही या सांभाळण्यानेच भीती पोसली गेली हे मला इथे लिहावंसं वाटतं, कारण कितीतरी घरांत असंच चालू असणार.

उपचार घ्यायचं मी ठरवलं ते मुलीमुळे. बालवाडीत जाणारी ती पोर एकदा भिंतीवरचा ओलीचा डाग बघून "पाल, पाल" करत किंचाळली आणि खुर्चीवर चढून बसली. तिला पालीने कधी काही केलेलं नव्हतं. तिने बघितलं होतं ते फक्त मला. सुझन मिनेका या अमेरिकी संशोधिकेने १९८०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले होते. प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांनी सापाला घाबरणारी माकडं नुसती पाहिली, आणि तीही सापाला घाबरू लागली. हे मी नंतर वाचलं, पण त्या दिवशी खुर्चीवर उभ्या राहिलेल्या मुलीकडे बघून मला तेच समजलं होतं.

ओळखीतून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव मिळालं. पहिली भेट जवळजवळ सगळी प्रश्नांत गेली. कधीपासून, कुठे, काय काय टाळता, इतर कसली भीती आहे का, हृदयाचा काही त्रास, गरोदरपण, चालू औषधं. मग मॅडमनी एक प्रश्न विचारला जो तोवर कुणीच विचारला नव्हता. "समजा पाल तुमच्या अंगावर पडली. पुढे नेमकं काय होईल? तिथून सांगत जा."

मी सांगत गेले. ती कपड्यांत शिरेल. कातडीला चिकटेल आणि काढता येणार नाही. मी ओरडत सुटेन, माझा स्वतःवरचा ताबा जाईल, कदाचित हृदय बंद पडेल. मॅडम प्रत्येक वाक्य लिहून घेत होत्या आणि समोर आकडा मागत होत्या: याची किती टक्के खात्री? चिकटून बसेल याची मी नव्वद टक्के दिली. ताबा सुटेल याची जवळजवळ शंभर. आता हे वाचताना कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण भीतीच्या आत असताना ते आकडे खरेच असतात.

त्यांनी कागदावर एक चढती रेघ काढली. पाल दिसते, भीती चढते, चढत्या भीतीत आपण पळतो, आणि पळाल्याबरोबर सुटल्यासारखं वाटतं. ते सुटल्यासारखं वाटणं हेच बक्षीस. मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. न पळता थांबलो असतो तर काय झालं असतं, हे बघायची संधी त्याला मिळतच नाही. थापटणं, झटकणं, आधी दुसऱ्याला पाठवणं, डांबराच्या गोळ्या, या सगळ्यांना त्या 'सेफ्टी बिहेवियर' म्हणाल्या. उपचार म्हणजे ही संधी मुद्दाम, ठरवून, पुन्हा पुन्हा देणं. म्हणजेच एक्स्पोजर.

ही कल्पना जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा, असा त्यांचा मार्ग होता. पुढे १९५८मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी आधी शरीर सैल सोडायचं आणि मग भीतीच्या पायऱ्या चढायच्या अशी पद्धत मांडली. मला जी देऊ केली गेली ती स्वीडनमधल्या लार्स-गोरान ओस्ट यांची. एका नेमक्या गोष्टीची भीती असेल तर सगळा उपचार एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत. १९८९मध्ये त्यांनी वीस रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. सरासरी दोन तासांच्या थोडा वरच वेळ लागला होता, आणि सरासरी चार वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांच्यातले नव्वद टक्के लोक पूर्ण बरे किंवा खूप सुधारलेले होते. नंतर या पद्धतीचे पुष्कळ अभ्यास झाले, मुलांवरही झाले.

"आठवड्याला थोडं थोडं करत गेलं तर चालणार नाही का?" मी विचारलं. चालतं, त्या म्हणाल्या, तसंही करतात. पण मधल्या आठवडाभरात टाळणं पुन्हा सुरू होतं, आणि काही जण दुसऱ्या भेटीला येतच नाहीत. मला स्वतःविषयी तीच शंका होती, म्हणून मी एकच लांब बैठक निवडली. बैठकीच्या आधी शांत होण्याची गोळी घेतली तर, असंही विचारलं. "मग तुमचा मेंदू म्हणेल की गोळीमुळे निभावलं," त्या म्हणाल्या. मी कुठलंच औषध घेत नव्हते, त्यामुळे हा प्रश्न तिथेच संपला. ज्यांना डॉक्टरांनी अशा गोळ्या लावून दिल्या आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या बंद करू नयेत.

त्यांनी मला जे शब्द दिले त्यांच्यामुळेच मी पुन्हा गेले. तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी काहीही करणार नाही. जे तुम्हाला करायला सांगेन ते आधी मी करून दाखवेन. अचानक काही समोर आणणार नाही. कॉलेजात मैत्रिणींनी माझ्या डब्यात रबराची पाल ठेवली होती, त्याला त्या 'भीती मोडणं' म्हणाल्या होत्या. भीती त्याने मोडत नाही, विश्वास मोडतो. कुणाच्या घरात असं माणूस असेल तर कृपा करून हा प्रयोग करू नका.

बैठक एका शनिवारी दुपारी होती. क्लिनिकच्या माळ्यावरून तिथल्या दादांनी सकाळी दोन पाली पकडून एका मोठ्या पारदर्शक बरणीत ठेवल्या होत्या. झाकणाला भोकं, आत कागदाचा तुकडा. खोलीच्या एका टोकाला टेबलावर ती बरणी, दुसऱ्या टोकाला, दाराशी, मी. मला रडू आलं. मॅडमनी ते थांबवलं नाही आणि घाईही केली नाही. फक्त विचारलं, "आत्ता शून्य ते शंभरमध्ये किती?" मी पंचाण्णव म्हटलं. "ठीक आहे. मला तिच्याबद्दल सांगा. काय दिसतंय?"

"घाण."

"ते तुम्हाला वाटतंय. दिसतंय काय?"

मला उत्तर देता येईना, कारण मी बघतच नव्हते. एवढी वर्षं जिला घाबरले ती पाल मी कधी नीट पाहिलेलीच नव्हती. दिसली की डोळे फिरवायचे. त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. फिकट राखाडी, पाठीवर पुसट ठिपके. गळ्यापाशी काहीतरी भराभर हलत होतं. बोटं पसरट. पोट जवळजवळ आरपार दिसेल असं. एक एक गोष्ट बोलून सांगायची आणि तेवढ्यात एक पाऊल पुढे यायचं. पावलागणिक आकडा विचारला जायचा. कधी तो उतरायचा, कधी चढायचा. उतरेपर्यंत थांबावं लागत असेल असं मला वाटलं होतं, पण मॅडमचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. प्रत्येक पायरीआधी त्या विचारायच्या, "आता काय होईल असं वाटतं?" आणि पायरी झाल्यावर, "झालं का तसं?" भीती कितीही असो, अंदाज चुकला की शिकणं झालं. अमेरिकेतल्या मिशेल क्रास्के आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं हेच मांडत आहेत. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते, आणि अंदाज जितका सपशेल चुकतो तितकी ती आठवण पक्की होते.

बरणीला हात लावायला फार वेळ लागला. मॅडमचा तळवा आधी, त्यांच्या हातावर माझा, मग त्यांनी आपला काढून घेतला. काचेपलीकडे पालीची बोटं अगदी माझ्या बोटांसमोर होती. त्या बोटांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म केस. त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत भिंतीवर चालते. तिथे चिकट असं काहीच नसतं. हे ऐकून मी म्हटलं, म्हणजे माझ्या अंगाला चिकटून बसणार नाही? "मी सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या, "आपण बघू."

मग एक मोठा प्लॅस्टिकचा टब, कडेने निसरडा, आणि त्यात पाल सोडली. मी टबापाशी जमिनीवर बसले होते. माझा अंदाज: ती थेट माझ्याकडे येईल. ती उलट बाजूला पळाली. टब फिरवला, पुन्हा अंदाज, ती पुन्हा दूर. असं करत राहिलो. मॅडम पेन्सिलीने तिला हळूच पुढे ढकलायच्या, मग पेन्सिल माझ्या हातात दिली, मग छोटी पेन्सिल, मग बोट. शेपटीला बोट लागलं तेव्हा मी ओरडले. ओरडले, पण हात तिथेच होता.

आणि मग शेपटी तुटली.

हे कुणी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या पालीला टबात सोडताना तिने शेपटी टाकली आणि ती शेपटी टबाच्या तळाशी वळवळत राहिली. माझ्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत भयंकर चित्र हेच होतं, आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावर चालू होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे आपल्या यादीत नव्हतं. थांबायचं असेल तर थांबू." मी थांबले नाही. का, ते सांगता येणार नाही. कदाचित तेव्हा तासाभराहून जास्त वेळ गेला होता आणि 'आता काय होईल' असं विचारायची सवय लागली होती. मी मोठ्याने म्हटलं, ही उडून माझ्या अंगावर येईल. शेपटी वळवळली, मंद झाली, थांबली. उडाली वगैरे नाही. मी तिच्याकडे शेवटपर्यंत बघत होते. पाल शत्रूला फसवण्यासाठी शेपटी सोडते आणि नंतर तिला नवी फुटते, हे शाळेत वाचलेलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा त्या प्राण्याविषयी मला वाईट वाटलं.

शेवटच्या तासात पहिली पाल मॅडमच्या हातावरून माझ्या हातावर आली. गार आणि मऊ. मला लिबलिबीत वाटेल असं वाटलं होतं, ती कोरडी होती. कोपरापर्यंत पळाली, बाहीवर थांबली. मी हात हलवला आणि ती टबात पडली. चिकटली नाही. मॅडमनी कागद पुढे केला: चिकटण्याची खात्री आता किती टक्के? मी पाच लिहिलं. ताबा सुटेल? तिथे शून्य लिहिलं. मी रडले होते, ओरडले होते, घामाने भिजले होते, पण ताबा सुटला नव्हता, आणि हृदय व्यवस्थित चाललं होतं.

एक गोष्ट मात्र उरली, ती म्हणजे किळस. भीती खाली आली तशी किळस आली नाही. ती सावकाश कमी होते, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पाली बागेत सोडल्या, हात धुतले. हात धुवावेतच, पालीच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू येऊ शकतात. पण हात एकदाच धुवायचे होते, घासत बसायचे नव्हते, आणि ते त्या दिवशी मला सर्वांत अवघड गेलं. घरी येऊन जी झोपले ती सकाळीच उठले.

बैठक झाली म्हणजे काम संपलं असं अजिबात नाही. मला घरचा सराव लिहून दिला होता. डांबराच्या गोळ्या आणि मोरपिसं काढायची. थापटणं बंद. पाल दिसली तर तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं. नवऱ्याला आणि सासूबाईंना एकदा बोलावून मॅडमनी सांगितलं की आता हाक मारली तरी झाडू घेऊन धावायचं नाही, सोबत उभं राहायचं. सासूबाईंना हे जड गेलं. सून घाबरलेली असताना आपण हात बांधून उभं राहायचं, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं, तरी त्यांनी ते केलं.

पुण्यात सगळं सुरळीत झालं, आणि मग पावसाळ्यात राजापूरजवळच्या सासरच्या गावी गेलो. जुनं कौलारू घर, दर रात्री पडवीत दिव्याभोवती पाखरं आणि त्यांच्यामागे पाली, पुण्यातल्यांपेक्षा चांगल्या दांडग्या. पहिल्या रात्री भीती पुन्हा तशीच उसळली. मला वाटलं, सगळं वाया गेलं. फोनवर मॅडम म्हणाल्या की नव्या जागी जुनी भीती परतते, हे नेहमीचं आहे. जे क्लिनिकमध्ये शिकलात ते तिथेही शिकावं लागेल, तुमचा कागद काढा. मग रोज रात्री जेवणं झाल्यावर मी पडवीत दिव्याखाली खुर्ची टाकून बसू लागले. अंदाज लिहायचा, थांबायचं, बघायचं. काही दिवसांत मुलगी येऊन मांडीवर बसू लागली आणि कुठली पाल पाखरू पकडणार यावर माझ्याशी बोलू लागली. अजूनही मला पाली आवडत नाहीत. बाथरूममध्ये मात्र मी एकटी जाते.

हे वाचून कुणाला उपचार घ्यावेसे वाटले तर एवढं सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते, ती बघून घ्यावी. पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावं की तुम्ही एक्स्पोजर करता का, खऱ्या वस्तूसोबत करता का, आणि मी नको म्हटलं तर थांबाल का. नुसत्या गप्पा आणि श्वासाचे व्यायाम यांवर महिनोन् महिने चाललं असेल तर तेही विचारावं. जवळपास कुणीच नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पुढे कुठे जायचं ते विचारता येतं.

सगळ्याच भीतींना मात्र हाच साचा लागू होत नाही. माझ्या भावाला सुई आणि रक्त बघून चक्कर येते, तो खरोखर खाली कोसळतो. इतर भीतींमध्ये रक्तदाब चढतो, या एका प्रकारात तो आधी चढून मग एकदम पडतो. त्यामुळे त्याला शरीर सैल सोडायला शिकवून उपयोग नाही, उलट हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताणून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की नेहमीसारखं व्हायचं, अर्ध्या मिनिटाने पुन्हा ताणायचं, असं शिकवतात. ही पद्धतही ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८०च्या दशकात बसवली. मॅडमनी भावाला ती शिकवली आहे. पुढच्या महिन्यात त्याला साखरेच्या तपासणीसाठी रक्त द्यायचं आहे, आणि त्याने मला सोबत बोलावलं आहे.